घरात साप, भिंतीवर पाल, टबात कासव : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो. जिन्याखालचा अंधार, मधोमध काहीतरी वेटोळे, आणि खाली प्रश्न : 'विषारी आहे का? लवकर सांगा कोणीतरी.' निम्म्या वेळा फोटो इतका हललेला असतो की तो साप आहे की बागेतली नळी, हेही कळत नाही. या ग्रुपांवर आणि मळ्यातून येणाऱ्या फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सापांवर जास्त लिहिले आहे, कारण चूक महागात पडते ती तिथेच.

घरात साप शिरलाय. आत्ता काय करू?

लांब व्हा, पण नजर हटवू नका. मुले, म्हातारी माणसे, कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत पाठवा. एका शांत डोक्याच्या माणसाने सहा-सात फुटांवर उभे राहून साप कुठे जातो एवढेच बघायचे. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या निम्म्याहून पुढे झेप घेत नाही, त्यामुळे हे अंतर पुरते. आतल्या खोलीच्या दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबा आणि बाहेर जाणारे दार उघडे ठेवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते, साप आला तसा निघून जातो.

नाही गेला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. फोनवर 'मोठा काळा साप आहे' हे सांगण्यापेक्षा तो कपाटाखाली आहे, शू रॅकमध्ये आहे की गॅसच्या ओट्याखाली, हे सांगा. येणाऱ्या माणसाला त्याचा जास्त उपयोग होतो.

सर्वांत मोठा घोळ होतो तो 'तो येईपर्यंत आपणच बघू' या विचाराने. झाडूने ढकलणे, बादली पालथी घालणे, वर उकळते पाणी ओतणे हे सगळे प्रकार नाशिकमध्ये चालतात. यात दोनच गोष्टी होतात. साप सोफ्याच्या आत घुसतो आणि मग अख्खे फर्निचर सोलावे लागते, किंवा तो चावतो. ज्याला कोणी हात, पाय किंवा काठी लावली नाही असा साप चावल्याची उदाहरणे आहेत, पण ती बहुतांशी झोपेतली किंवा अंधारात पाय पडल्याची. समोर दिसत असलेला साप चावला, तर बहुधा कोणीतरी काहीतरी करायला गेलेले असते.

आपल्याकडे विषारी साप नेमके कोणते?

माणसाच्या जिवावर उठतील असे चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटात झाडीत हिरवा चापडाही असतो, पण तो घरात यायचा प्रसंग विरळा. हरणटोळ आणि मांजऱ्या हे निमविषारी. त्यांच्या विषाने पाल-सरडा मरतो, माणसाला थोडी सूज येते. हरणटोळ कपाळावर डंख मारतो ही निव्वळ कथा आहे. झाडावर राहतो, तोंड टोकदार, म्हणून बिचाऱ्यावर आळ.

बाकी धामण, तस्कर, दिवड, नानेटी, कवड्या, कुकरी, डुरक्या घोणस, मांडूळ, आणि कुंडीतल्या मातीत गांडुळासारखा निघणारा वाळा हे सगळे बिनविषारी. मे-जूनमध्ये बाथरूमच्या जाळीतून करंगळीहून बारीक, काळपट, चकचकीत काहीतरी वळवळत येते तो हाच वाळा. तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. त्याला कागदावर घेऊन बागेत सोडा आणि चहा प्या.

मण्यार आणि कवड्या यांत मला फरकच कळत नाही.

पुष्कळ जणांना कळत नाही, आणि ही गल्लत दोन्ही बाजूंनी होते. कवड्याला मण्यार समजून मारतात ते वाईटच, पण मण्यारीला कवड्या समजून उचलणे जास्त वाईट.

मण्यार काळीभोर किंवा निळसर काळी, चमकदार. अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, बहुधा जोडीजोडीने. या रेघा मानेजवळ पुसट असतात किंवा नसतातच, आणि शेपटीकडे जावे तशा ठळक होतात. कवड्याचे उलटे. त्याचे पिवळसर-पांढरे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरून जातात. रंग तपकिरी, डोके चपटे. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षटकोनी असतात, पण ते बघायला तुम्ही तिच्याजवळ जाणे अपेक्षित नाही. जुन्या मण्यारीच्या रेघा जवळजवळ गेलेल्याही असतात. म्हणून या सगळ्या खुणा फक्त लांबून अंदाज बांधण्यापुरत्या.

आणखी एक खूण सवयीची. कवड्या पट्टीचा भिंत चढणारा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या चौकटीत किंवा ट्यूबलाइटमागे साप सापडला तर बहुधा तोच, कारण पाल हे त्याचे आवडते जेवण. मण्यार रात्री जमिनीवर फिरते. तरीही खात्री नसेल तर 'मण्यार आहे' असेच धरून चालायचे. यात कोणाचा अपमान होत नाही.

घोणस कशी ओळखायची? काही जण तिला अजगराचे पिल्लू म्हणतात.

आणि तेच म्हणत म्हणत हातात घेतात. घोणशीच्या अंगावर तपकिरी, काळ्या कडेचे लांबट गोल ठिपके तीन ओळींत असतात : पाठीवर मधोमध एक ओळ, दोन्ही कुशींवर एकेक. ठिपके साखळीच्या कड्यांसारखे नीट मांडलेले दिसतात. डोके त्रिकोणी, मान वेगळी कळते. डिवचली की वेटोळे करून अशी जोरात फुत्कारते की जणू शेजारच्या घरात कुकरची शिटी अडकली आहे. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात, सुरेख मांडणी नसते. डुरक्या घोणशीचे डाग एकमेकांत मिसळलेले, शेपटी आखूड आणि डोके मानेपासून वेगळे उमटत नाही.

घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि तीही एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. साधारण मे ते ऑगस्ट हा काळ. म्हणून आडगाव किंवा मखमलाबादकडच्या एखाद्या बंगल्याच्या आवारात एक पिल्लू सापडले तर आजूबाजूला आणखी असणार हे गृहीत धरा. पिल्लू टीचभर असले तरी जन्मल्यापासून विषारी असते.

थंडीत साप झोपतात ना? मग आमच्याकडे डिसेंबरमध्ये कसा निघाला?

निफाडचा पारा घसरला की साप मंदावतात, पण दुलई घेऊन झोपत नाहीत. रात्री बिळात, आणि सकाळी ऊन चढले की अंग शेकायला बाहेर. घोणशीचा मिलनकाळच हिवाळ्याचा, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ती जास्त दिसते. कुंपणाच्या दक्षिणेकडची भिंत, विटांची रास, गच्चीच्या पायऱ्या या उन्हाच्या जागा आहेत. सकाळी आठ-नऊला वाळत घातलेले कपडे काढताना पायाखाली बघा.

फिनाईल, कार्बोलिक ॲसिड, लसूण, बाजारातली यंत्रे यांतले काय चालते?

साप रोखायला यातले काहीच भरवशाचे नाही. कार्बोलिक ॲसिडने माणसाची कातडी भाजते, मुलांना त्रास होतो, आणि साप त्या रेषेवरून आरामात जातो. लसणाच्या माळा आणि 'सर्पगंधा लावली की साप येत नाही' हे सगळे मनाच्या समाधानाला. सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी हमखास ठराव मांडतो की दर महिन्याला पावडर मारा. त्या पैशांत कंपाउंडच्या भिंतीतली भोके लिंपून होतील.

साप दोन गोष्टींसाठी येतो : खायला उंदीर, बेडूक, पाली, आणि लपायला जागा. ओला कचरा उघडा पडू देऊ नका, उंदीर आपोआप कमी होतील. गच्चीखाली ठेवलेली जुनी दारे, फरशा, 'पुढे लागतील' म्हणून राखलेली कौले हलवा. दाराखाली रबरी पट्टी लावा. बाथरूमच्या मोऱ्यांना बारीक जाळी हवी. खिडकीला टेकलेल्या फांद्या आणि मधुमालतीचे वेल थोडे छाटा. सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाकाठी आणि आसपास खोदकामे चालली आहेत. बिळे उकरली गेली की उंदीर आणि त्यांच्यामागे साप नव्या आसऱ्याला निघतात, तो आसरा तुमचे पार्किंग असू शकते.

कमोडमधून साप येतो हे खरे का?

क्वचित येतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उंदीर असतात, त्यांच्यामागे साप उतरतो, आणि फुटके झाकण किंवा उघडा व्हेंट पाइप सापडला की वाट चुकून वर येतो. जास्त करून तळमजल्यावर. नासर्डी किंवा वालदेवीलगतच्या घरांत असा पाहुणा बहुधा दिवड असतो. चावका आहे, विषारी नाही. झाकण लावा, वर वजन ठेवा, फोन करा. ॲसिड ओतू नका. चेंबरची झाकणे बदला आणि व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधा.

कात सापडली. म्हणजे साप घरातच आहे?

कात टाकली तेव्हा होता, आत्ता असेलच असे नाही. ताजी कात मऊ, किंचित ओलसर असते. कुरकुरीत वाळलेली असेल तर ती जुनी. कातीवर खवल्यांची ठेवण जशीच्या तशी उमटते, त्यामुळे जाणकाराला जात सांगता येते. डोक्याकडचा भाग फाटू देऊ नका. घाबरून अख्खे घर रिकामे करण्यापेक्षा ती ज्या फटीशी सापडली ती फट बघा.

आम्ही मळ्यात राहतो. द्राक्षबाग, कांदाचाळ, सगळे घरालगतच. आम्ही काय करायचे?

शहरातल्या लोकांसाठी लिहिलेले सल्ले मळ्यात अपुरे पडतात, म्हणून हे जरा सविस्तर.

कांदाचाळीत खाली हवा खेळती राहावी म्हणून मोकळी जागा ठेवलेली असते. त्या जागेत उंदीर, आणि उंदरांमागे नाग, धामण. चाळ फोडताना पहिल्या थरांत हात घालण्याआधी पाटीने किंवा दाताळ्याने कांदा ओढून घ्या. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. ते महिनोन्‌महिने तसेच राहिले की घोणशीला घर मिळते. ढीग घरापासून आणि पायवाटेपासून लांब रचा, उचलताना फावडे वापरा. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या कोरड्या, खडकाळ माळावर दगड उचलताना फुरश्याचा विचार आधी करा. फूट-दीड फुटाचा साप, पण अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो आणि विजेसारखा लपकतो.

पाखरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी जमिनीला टेकवू नका. धामण तिच्यात शिरते, पुढे जाते, मागे येता येत नाही, आणि जितकी ओढते तितके धागे खवल्यांखाली रुततात. ती दिसली तर हाताने सोडवायला जाऊ नका. सर्पमित्र येऊन कात्रीने एकेक धागा कापतो, त्याला वेळ लागतो. धामण म्हणजे शेतकऱ्याचा फुकटचा गडी. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे अजून सांगितले जाते. तिला आचळ चोखताच येत नाही. तोंडाची रचनाच तशी नाही.

आणि रात्रीचे पाणी. कृषिपंपाला वीज रात्री मिळते, मग माणूस अंधारात अनवाणी बाऱ्यांतून फिरतो. ही परिस्थिती शेतकऱ्याने निवडलेली नाही. पण घोट्याच्या वर येणारे गमबूट आणि चांगली बॅटरी एवढे तरी हवेच, मोबाइलचा उजेड पुरत नाही. स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड मारा. तिथे उबेला पाली असतात, आणि पालींच्या मागावर कवड्या.

झोपायला खाट वापरा. जमिनीवरच झोपायचे असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा. मण्यारीचे बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना, रात्री, पांघरुणात होतात.

साप चावला तर?

वेळ बघा आणि निघा. बाकी सगळे वाटेत.

चावलेल्या माणसाला चालवू, पळवू नका. हाताला किंवा पायाला चावला असेल तर हाड मोडल्यावर बांधतात तशी पट्टी किंवा फळी लावून तो हलणार नाही असा ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, कडे, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की ती कापावी लागतात. १०८ ला फोन करा, पण दारात गाडी उभी असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

दोरीने करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने चोखणे, बर्फ लावणे, मिरची खायला देऊन 'तिखट लागते का' विचारणे, देवळात बसवणे, मांत्रिकाकडे नेणे हे काहीही नको. आवळून बांधल्याने रक्तपुरवठा थांबून हातपाय कायमचे निकामी होतात. मांत्रिकाचे नाव होते ते बिनविषारी सापांमुळे, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, त्यामुळे. ज्यांच्या अंगात विष गेलेले नसते ते सगळे 'उतरले' म्हणून घरी जातात.

शहरात असाल तर त्र्यंबक रोडचे सिव्हिल, तालुक्यात असाल तर जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. सरकारी दवाखान्यात प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरची लस, मोफत मिळते. खासगीत जायचे असेल तर वाटेतूनच फोन करून 'लस आहे का, व्हेंटिलेटर आहे का' विचारा. नुसते मोठे नाव बघून गाडी वळवू नका.

साप मारून पिशवीत घालून नेऊ नका. मेलेल्या सापाचे डोकेही काही वेळ चावू शकते. दवाखान्यात दिली जाणारी लस चारही सापांवर एकच असते. घोड्यांना विषाच्या लहान लहान मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ती तयार करतात, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेतून येते. साप ओळखला नाही तरी डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. घोणस-फुरश्याच्या विषाने रक्त गोठत नाही. त्यासाठी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून बघतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर लस सुरू. तुमच्या पेशंटची नळी टेबलावर नुसती ठेवून दिलेली दिसली तर 'कोणी बघत नाही' म्हणून आरडाओरडा करू नका. तेच बघणे चालले आहे.

मण्यारीचे वेगळे. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते पित्त झाले. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोट धरून उठला आणि त्याच्या पापण्या उघडेनात, तर सोडा-लिंबू देत बसू नका. श्वासाचे स्नायू थांबण्याआधी तो दवाखान्यात हवा.

काहीच लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते.

पाल विषारी असते का? दुधात पडली तर?

भारतात विषारी पाल नाही, विषारी सरडाही नाही. पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असतात, म्हणून पाल पडलेले दूध टाकून द्या. पण ते प्यायलेल्या सगळ्या घराला विषबाधा झाली असे धरून रडारड नको. उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरकडे जा.

पाली नको असतील तर आधी किडे कमी करा. बाल्कनीतला पांढरा दिवा रात्रभर जळत ठेवायचा आणि पाली का येतात म्हणून विचारायचे, याला अर्थ नाही. अंड्याची टरफले आणि मोरपिसे टांगून काही होत नाही, पाल त्या मोरपिसामागेच अंडी घालते. एका वेळी बहुधा दोन, पांढरी, वाटाण्याएवढी. मुख्य काळजी विजेच्या बोर्डाची घ्या. एसीच्या आणि मोटारीच्या बोर्डात पाल शिरली की शॉर्ट होतो, म्हणून वायर जाते ती भोके बुजवा.

तुटलेली शेपटी वळवळत राहते ती शत्रूचे लक्ष तिकडे जावे म्हणून. पालीला नवी येते, जरा आखूड आणि वेगळ्या रंगाची. उजव्या खांद्यावर पडली की डाव्या, याचे फळ आजीच्या पंचांगात आहे. आमच्याकडे नाही.

सरडा रक्त पितो? सापसुरळी चावली तर माणूस मरतो?

दोन्ही नाही. पावसाच्या सुमारास नर सरड्याचे डोके-गळा लाल होतो, तो मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दाखवायला. तुमचे रक्त त्याने लांबून शोषलेले नाही. सापसुरळीला कोणी सापाची मावशी म्हणत असले तरी ती किडे खाऊन जगते. काहींच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते म्हणून घाबरतात.

आवारात घोरपड आली आहे.

येऊ द्या. गंगापूर रोडच्या पलीकडे, धरणाकडच्या फार्महाउसांवर ती नेहमीची आहे. शेपटीसकट चार-साडेचार फूट भरते, त्यामुळे पाहणाऱ्याला मगर वाटते. कोंडीत धरली तर शेपटीचा फटकारा देते, चावतेही. वाट मोकळी ठेवली तर दहा मिनिटांत भिंत ओलांडते. कुत्र्याला बांधा.

तानाजीच्या यशवंतीमुळे मराठी माणसाला तिचे कौतुक, आणि तरीही तिचे तेल सांधेदुखीवर विकत घेणारा तोच. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेल विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. 'हत्था जोडी' नावाची वनस्पतीची मुळी म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला जे विकतात, ते खरे तर नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. हे सांगितल्यावर पुष्कळ देव्हारे त्याच दिवशी स्वच्छ होतात.

मुलाने मत्स्यालयाच्या दुकानातून दोन छोटी हिरवी कासवे आणली. कशी सांभाळायची?

कानाजवळ लाल पट्टा असेल तर ती अमेरिकेतली, लाल कानाची कासवे. दुकानात बिस्किटाएवढी असतात आणि दुकानदार म्हणतो, 'एवढीच राहतात.' नाही राहत. २० ते ३० सेंटिमीटर वाढतात, माद्या जास्त, आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगतात. तुमचा सातवीतला मुलगा नोकरीला लागून पुण्याला जाईल तेव्हा ती तुमच्याच गळ्यात असतील.

दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे ताडाचे झाड असलेले भांडे फेकून द्या. पोहता येईल इतके पाणी, फिल्टर, आणि पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगड किंवा फळी हवी. सकाळचे थेट ऊन मिळाले पाहिजे, सावलीचा एक कोपरा ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, कारण हाडे आणि कवच घट्ट करायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. ऊन नसेल तर खास दिवा लावावा लागतो. नुसती वाळकी कोळंबी घालत राहिलात तर कवच मऊ पडते आणि डोळे सुजून मिटतात. मग घरचे म्हणतात, 'झोपलंय बहुतेक.' पालेभाज्या, खास गोळ्या आणि अधूनमधून मासा असे मिसळून द्या. भांडे किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. साल्मोनेलामुळेच अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर कासव आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कंटाळा आला म्हणून ती रामकुंडात किंवा गंगापूरच्या पाण्यात सोडणे हे पुण्य नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत हे कासव आहे. आपल्या गोदावरीतल्या मृदुकवची कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा ते बळकावते. सोडण्याऐवजी नीट सांभाळू शकेल असे घर शोधा, पशुवैद्यांना विचारा.

आणि पाठीवर चांदण्या असलेले?

ते भारतीय तारा कासव. पाळणे, विकणे, वास्तुशास्त्रासाठी दारात ठेवणे, सगळेच गुन्हा आहे. वारशाने आले, कोणी भेट दिले, ही कारणे चालत नाहीत. १९२६ वर सांगून जमा करा. वास्तूसाठी पितळेचे मिळते.

इग्वाना, बॉल पायथन हे पाळता येतात का?

या परदेशी जाती आहेत, पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखालच्या. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसताना 'सगळे लीगल आहे' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि घेण्याआधी एक फोन करा : सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य जवळपास आहे का? कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत, इग्वानाची हाडे ठिसूळ झाल्यावर बघणारे फार थोडे. भारतीय साप कोणताही असो, पाळता येत नाही.

मांडूळ सापडले. कोणी लाखो रुपये देतो म्हणतो.

तो तुम्हाला तरी फसवतो आहे, किंवा तुमच्यासकट तुरुंगात जाणार आहे. मांडुळाला दोन तोंडे नसतात. शेपटी बोथट असते, धोका वाटला की तो डोके लपवून ती पुढे करतो. वजनावर भाव ठरतो म्हणून त्याला काहीबाही चारून फुगवतात, शेपटीवर चटके देऊन डोळे-तोंड उमटवतात. गुप्तधन शोधण्याचा त्याला काहीही अनुभव नाही. शेतातले उंदीर मात्र शोधतो, आहे तिथे राहू द्या.

नागपंचमीला दारात नाग घेऊन आले तर पूजा करू?

पाटावर चंदनाने नाग काढा, मातीचा करा. पेटीतल्या नागाचे दात बहुधा तोडलेले असतात, कधी तोंड शिवलेले, आणि कित्येक दिवस पाणी दिलेले नसते. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर जे ओले येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही. दक्षिणा देऊ नका, १९२६ ला कळवा. त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही ही आपली जुनी रीत मात्र ऐन पावसाळ्यात, बिळाबाहेर पिल्ले असताना, चांगलीच उपयोगाची आहे.

सर्पमित्राला पैसे द्यायचे का? आणि तो खरा आहे हे कसे कळणार?

बहुतेक जण हे काम हौसेने, नोकरी सांभाळून करतात. रात्री दोन वाजता सातपूरहून नाशिकरोडला गाडी मारणाऱ्याला पेट्रोलचे पैसे विचारून द्यावेत. कोणी आधीच मोठा आकडा सांगत असेल तर १९२६ ला फोन करा.

जाणता माणूस हुक, पाइप आणि कापडी पिशवी घेऊन येतो, सगळ्यांना मागे सरकवतो, काम उरकतो, वन विभागाला नोंद देतो आणि साप जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. लांबच्या अनोळखी रानात सोडलेला साप तिथे तगेलच असे नाही. जो नागाला फणा काढायला लावून मोबाइल पुढे करतो, तुमच्या मुलाच्या गळ्यात धामण घालतो, त्याला पुन्हा बोलावू नका. आणि 'एक फोटो फक्त, हातात घेऊन' ही मागणी बऱ्याचदा आपल्याकडूनच होते, तीही बंद करा.